दोन कमांड, एक ओळ

निशिगंधाचं डोकं सकाळपासून तापलं होतं. सर्व्हेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून वाऱ्याने मोडलेल्या आंबा बागांचे दोन हजार फोटो गायब झाले होते आणि जो तो तिच्याकडेच बघत होता.

फोटो कसे गेले ते शोधायला सखारामकाका बसले. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या पडद्यावर, या माणसाचं काम म्हणजे गोगलगाय. फोल्डरमध्ये शिरायची कमांड द्यायची, आत काय आहे त्याची यादी मागवायची, ती चष्मा सावरून वाचायची, मगच पुढची कमांड. निशिगंधा दोन कमांड एकाच ओळीत जोडून मोकळी व्हायची. आता तर काका वरचा बाण दाबत कालची एकेक कमांड वाचत होते.

"काका, शोधायचा शॉर्टकट आहे. एका दमात सापडेल," ती तिसऱ्यांदा म्हणाली. "असंच रखडायचं होतं तर मला कशाला बसवून ठेवलंत?"

काका बाण दाबत राहिले. मग त्यांचं बोट थांबलं.

पडद्यावर दोन कमांड जोडलेली ओळ होती: तात्पुरत्या फोल्डरमध्ये जा, आणि असशील तिथलं सगळं पुसून टाक. ऑफिसात अशी ओळ लिहिणारी ती एकटीच.

"हा तात्पुरता फोल्डर मी परवाच काढून टाकला. सांगितलं होतं गो तुला."

म्हणजे कॉम्प्युटरला तिकडे जाताच आलं नव्हतं. तो आधी होता त्या फोटोंच्या फोल्डरमध्येच राहिला आणि उरलेला हुकूम त्याने तिथेच पाळला.

काका उठले. कीबोर्ड त्यांनी तिच्यापुढे ढकलला.

"आण आता परत. एका दमात."