अडवाईदेवी आणि नारळाचा दुसरा डोळा

रविवारी सकाळी अडवाईच्या वळणावर जत्रेसारखी गर्दी होती, आणि देवी अंगात येत होती ती माणसांच्या नव्हे, मोटारसायकलींच्या. तळा गावाकडून श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यावर चढणीच्या ऐन मध्यावर हे वळण आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकली धडधडत वर यायच्या, वळणावर दोन आचके द्यायच्या आणि गपगार व्हायच्या. वाण्याची खिळखिळी स्कूटर वर जायची, पाववाल्याची मोपेड वर जायची, दुधाच्या किटल्या लटकवलेली फटफटीसुद्धा खोकत खोकत वर जायची. बंद पडायची ती नेमकी ‘वायुराज मुसाफिर’, तीही नवी कोरी. देवीला गाडीचं मॉडेल बरोबर कळत होतं.

कडेला एक शेंदूर फासलेला धोंडा, त्यावर पत्र्याची शेड आणि शेडवर पाटी, ‘सौजन्य : वायुराज मोटर्सचे अधिकृत विक्रेते’. धोंड्यापुढे तुळशीराम उभा. गेल्या वर्षापर्यंत हा गृहस्थ इथेच बनियनवर बसून नारळ विकायचा. आता कपाळभर भंडारा होता, गळ्यात कवड्या होत्या आणि लोक त्याला तुळशीबाबा म्हणत होते. नारळ मात्र अजून त्याच्याकडूनच घ्यावे लागत.

“कोन हायस तू?” तो एका बंद गाडीला दरडावत होता. गाडीचा मालक राहुल बाजूला हात जोडून उभा होता. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ होतं, आणि तो पुण्यात संगणक अभियंता होता. मग बाबा त्याच्याकडे वळला. “लोखंडावर बसून आईच्या डोंगरावर चढतोस? मान दिलास काय? न्हाय दिलास! टाक चावी आईच्या पायाशी!”

राहुलने चावी टाकली. तुळशीरामने नारळ फोडला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि चावी लावून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. ‘स्सस्स...’ असा लांबलचक फूत्कार आला.

“ऐकलात? गेला खवीस! मार आता कळ.”

राहुलने कळ दाबली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गर्दीतून जयजयकार उठला. राहुल चक्क रस्त्यावर लोटांगण घालू लागला. मागच्या टेम्पोवाल्याने भोंगा वाजवून त्याला उठवलं.

रिक्षातून उतरलेली केसर शिगवण हे बघत होती आणि तिच्या कानशिलाची शीर उडत होती. केसरबाई तळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचा राग तालुक्याला माहीत आहे. आज त्या आल्या होत्या त्या आईच्या हट्टापायी, आणि त्याहून जास्त भीतीपायी.

त्यांचा धाकटा भाऊ कुलदीप नवी मुंबईत नोकरीला. त्याचीही मुसाफिरच. दिवाळीनंतर गावी आला असताना ती याच वळणावर बंद पडली, मागून एसटी आली आणि नडगीचे दोन तुकडे झाले. पायात सळी बसली. वायुराजच्या शोरूमचे परेशशेठ म्हणाले, “गाडी एकदम ओके आहे, तपासली. ती जागाच जरा खराब आहे हो.” तुळशीबाबा म्हणाला, मान चुकला. घरात सगळ्यांनी मान डोलावली. आता कुलदीप काठीशिवाय चालू लागला होता, आणि आज अडवाईला मान देऊन, लिंबू बांधून, त्याच गाडीवर मागे आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, प्राप्तीला, बसवून श्रीवर्धनच्या समुद्रावर नेणार होता.

“अरे, गाडीचा दोष दुरुस्तच केला नाही, तर लिंबू काय करणार?” केसरने आदल्या दिवशी विचारलं होतं.

“ताई, तू टेन्शन घेऊ नको ना. देवीचा कोप होता, मान दिला की मॅटर क्लोज.” मग म्हणाला, “आणि कोप नाही म्हणायचं, तर मग माझा पाय उगाच मोडला, असं म्हणू काय?”

भावाचा तो चेहरा तिला बघवला नव्हता.

कुलदीप खालच्या पंपावर टाकी भरायला थांबला होता, म्हणून आई सोनाबाई, केसर आणि प्राप्ती रिक्षाने पुढे आल्या होत्या. सोनाबाईंनी आल्या आल्या धोंड्यापुढे डोकं टेकलं. प्राप्तीला तहान लागली होती. पिढीजात धंदा कुठे जातो? गिऱ्हाईक लहान आहे हे पाहून तुळशीबाबाचा आवाज क्षणात खाली आला. त्याने एक सोललेला नारळ उचलला, खिळ्याने त्याचा एक डोळा फोडला, मग दुसरा फोडला आणि पाणी पेल्यात ओतलं.

“दोन भोकं कशाला?” प्राप्तीने विचारलं.

“एकानं पानी येत न्हाय, बाय. पानी भायेर यायचा तर वारा आत जाया नको? वाऱ्याला वाट न्हाय तर पानी अडतंय.”

कोकणात हे सांगावं लागत नाही. नारळाला दोन डोळे फोडायचे, तेलाच्या डब्याला समोरासमोर दोन भोकं पाडायची, हे पोर चालायला लागतं तेव्हाच त्याला ठाऊक होतं. केसरने ते शेकडो वेळा पाहिलं होतं. पण आज शेजारी मोटारसायकलची टाकी होती, आणि वाक्य बाबाच्या तोंडून आलं होतं. केसरने नारळाकडे पाहिलं, टाकीच्या झाकणाकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला. कुलदीप वर येत होता. वळणावर गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ती रस्त्याच्या मधोमध मेली. मागून चिरे भरलेला ट्रक येत होता. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. ट्रक घसरला आणि कुलदीपच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबला. कुलदीप गाडी धरून तसाच उभा राहिला. प्राप्ती “बाबा!” म्हणून किंचाळली.

चार माणसांनी गाडी कडेला घेतली. तुळशीबाबाच्या अंगात तत्काळ संचार झाला.

“बघितलात? पाय मोडला तरी मान दिला न्हाय! आन आगरबत्ती!” कोणीतरी पेटलेली अगरबत्ती त्याच्या हातात दिली.

“खबरदार!” केसर ओरडली. वर्गात हा आवाज आला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा खाली बसतात. “टाकीचं झाकण उघडताना अगरबत्ती? देवी राहील जागेवर, आपण सगळे जाऊ! विझव आधी ती!”

बाबाने अगरबत्ती विझवली. संचार थोडा ओसरला.

“आज मंत्र मी म्हणते,” केसर म्हणाली. “कुलदीप, चावी दे.”

“ताई, प्लीज, इथे नको...”

“चावी दे.”

काल कोणीतरी देवीला चढवलेल्या कोंबड्याचं एक मऊ पीस तिने धोंड्यापासून उचललं आणि प्राप्तीच्या हातात दिलं. “हे झाकणापाशी धर. बाबा म्हणतात खवीस बाहेर जातो. जो बाहेर जातो तो पिसाला कुठे ढकलेल?”

“बाहेर!” प्राप्ती म्हणाली. गर्दीतल्या दोघा-तिघांनीही हळूच “भायेर” म्हटलं.

केसरने चावी लावली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!” आणि झाकण उचललं. ‘स्सस्स...’ फूत्कार आला, अगदी तसाच. पीस प्राप्तीच्या बोटांतून सुटलं आणि झाकणाच्या फटीला जाऊन चिकटलं. आतल्या बाजूला.

“कुलदीप, कळ दाब.”

गाडी सुरू झाली. बे चोक आठची गरजही पडली नाही.

“खवीस आत गेला की काय?” टेम्पोवाल्याने विचारलं आणि गर्दीत पहिल्यांदा हशा पिकला.

“आत गेली ती हवा,” केसर म्हणाली. तिने एक नवा नारळ उचलून तुळशीरामपुढे धरला. “याचा एकच डोळा फोड आणि पाणी ओत.”

तुळशीराम दोन पावलं मागे सरला.

“फोड ना! मघाशी माझ्या भाचीला इतकं सुरेख शिकवलंस.”

शेवटी तिनेच खिळा घेतला. एक डोळा फोडून नारळ उलटा केला. पाणी दोनदा बुडबुडलं आणि अडलं. तिने दुसरा डोळा फोडला. धार लागली.

“ही टाकी म्हणजे नारळ. खालून पेट्रोल इंजिनात जातं, तर वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं.” तिने झाकण उलटं करून दाखवलं. भोकावरचं रबर भिजलेल्या चण्यासारखं टम्म फुगलं होतं. “कंपनीने पेट्रोलात फुगणारं रबर घातलंय. दुसरा डोळाच बंद! आत पोकळी होते आणि ती पेट्रोल धरून ठेवते. मग इंजिन उपाशी मरेल नाही तर काय?”

“पण मॅडम, इथेच कशी बंद पडते?” राहुलने विचारलं. लोटांगणाची धूळ अजून त्याच्या छातीवर होती.

“टाकी कुठे भरलीस?”

“खालच्या पंपावर. नेटवर लिहिलंय, पुढे पंप नाही म्हणून.”

“किती भरलीस?”

“फुल्ल.”

तिथे उभ्या असलेल्या सगळ्या मुसाफिरवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांनी तेच वाचलं होतं आणि सगळ्यांनी काठोकाठ भरली होती.

“काठोकाठ टाकीत हवा चिमूटभर. चढणीला पेट्रोल सपाटून जातं, ती चिमूटभर हवा ताणली जाते आणि गाडी इथवर येऊन मरते. बाबा झाकण उघडतो, हवा भरते, आता पेट्रोलही कमी झालेलं असतं, म्हणून समुद्रापर्यंत निभावतं. आणि शोरूममध्ये गाडी नेली की पहिलं काय करतात?”

“झाकण उघडून पेट्रोल बघतात,” कुलदीप हळूच म्हणाला.

“म्हणजे दोष तिथेच पळतो. मग परेशशेठ म्हणतात, गाडी ओके, जागा खराब. आणि खराब जागेला पत्र्याची शेड देतात. दोष झाकायला याहून स्वस्त पत्रा कुठे मिळणार?”

केसरने प्राप्तीच्या केसांतली पिन काढून राहुलच्या गाडीचं रबर बाजूला केलं. “हा इलाज नव्हे, परीक्षा आहे. खाली जा, पुन्हा काठोकाठ भर आणि मान न देता वर ये.”

राहुल गेला. तो परत येईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. खालून धडधड ऐकू आली. वळण आलं. आचका नाही, खोकला नाही. गाडी भोंगा वाजवत धोंड्यासमोरून थेट वर गेली आणि वरून वळून परत आली.

सोनाबाईंनी कोपरापासून हात जोडले. “पावली गो माझी आई! केसर, ती पिन दे, हळदकुंकू लावते.”

“आई!” केसर ओरडली.

गर्दी मग तुळशीरामकडे वळली. दोघांनी बाह्या सरसावल्या. केसर मध्ये उभी राहिली. “हात लावायचा नाही. बोल रे तुळशीराम, तुला हे ठाऊक होतं ना?”

तुळशीरामने कवड्यांची माळ काढून खिशात घातली. “ठावक हुतं. एकानं पेट्रोल बघाया झाकन उघडलान आन गाडी चालू झाली, ते बघितलं मी. पुढच्या पोराला सांगितलं, झाकन उघड बाबा. तो म्हनला, तू काय इंजिनेर हायस? त्याच्या पुढच्याला सांगितलं, देवीनं सांगितलंन, झाकन उघड. तो पाया पडला.” तो खाली बघत म्हणाला, “खरं सांगितलं तवा शिव्या, खोटं सांगितलं तवा पेढे. मी तरी काय करू?”

यावर राहुलपासून सगळ्यांनी आपापल्या हेल्मेटात डोकं घातलं.

केसरने मात्र कोणाला सोडलं नाही. तिने एकेकाला मोबाईल काढायला लावला. सरकारच्या परिवहन खात्याकडे वाहनातल्या दोषाची तक्रार नोंदवता येते, हे त्या शिकलेल्या मुसाफिरवाल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. सगळ्यांनी तिथेच उभं राहून तक्रारी नोंदवल्या. कुलदीपने सगळ्यांच्या आधी नोंदवली. गाडी त्याने तिथूनच टेम्पोत चढवली आणि प्राप्तीला घेऊन एसटीने श्रीवर्धनला गेला.

पुढे चौकशी झाली. कंपनीने आधी कानावर हात ठेवले, मग पावसाळ्यानंतर सगळ्या मुसाफिर गाड्या झाकण बदलायला माघारी बोलावल्या. पत्रात लिहिलं होतं, ‘ग्राहकांच्या अधिक आनंदासाठी झाकणात ऐच्छिक सुधारणा’. आनंद कुलदीपला थंडीत नडगीतून जाणवतो.

नवं झाकण बसल्यावर तो प्राप्तीला मागे घेऊन त्याच रस्त्याने आला. वळणावर गाडी थांबली नाही, त्याने थांबवली. तुळशीराम बनियनवर बसून नारळ विकत होता. धोंडा होता, शेडवरची पाटी परेशशेठ काढून घेऊन गेले होते. तुळशीरामने नारळाचे दोन्ही डोळे फोडून पेला भरला आणि पुढे केला.

“माझ्याआधी इथे किती गाड्या बंद पडल्या होत्या रे?” कुलदीपने विचारलं.

“लय. रोजच पडायच्या.”

“आणि त्यांनी काय केलं?”

“काय करनार? नारळ फोडलं आन गेले.”

कुलदीपने पेला खाली ठेवला आणि पायावरून हात फिरवला. त्यांच्यातल्या एकानेही शोरूमच्या काउंटरवर मूठ आपटली असती, तर आज त्या पायात सळी नसती.

म्हणून बाबांनो, देवाला नारळ द्यायचा तर खुशाल द्या, देव नाही म्हणणार नाही. पण यंत्र बिघडलं तर ज्याने ते बनवलं त्याला जाब विचारा, आणि विचारल्याची नोंद करा. तुम्ही हात जोडून पुढे निघून जाता, तेव्हा तुमच्या मागून त्याच वळणावर कोणीतरी येत असतं.