धावरं

साळूबाईच्या नडगीला उसाच्या पाल्यानं कापलं, ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी कापाभोवती रुपयाएवढी लाली उठली, आणि दिवस कलताना म्हातारी दातावर दात वाजवीत घोंगडं मागू लागली.

"धावरं हाय. गेरू उगाळ," ती सुनेला म्हणाली.

राहीबाईनं उगाळला. धावऱ्याला, कातडीवर पसरत जाणाऱ्या या लालीच्या दुखण्याला, गेरू लावून घ्यायला आसपासच्या वाड्यांतली माणसं साळूबाईकडंच येत. म्हातारीला कोण शिकवणार? राहीबाईचा नवरा जोतीराम पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढाईवर. जाताना एवढंच बोलला होता, "आईला जप."

लेपावर लेप चढत गेले. खाली काय चाललंय ते दिसेना. ताप हटेना, म्हातारी भाकरीला शिवेना. जांघेत गाठ आली. शेवटी एका सकाळी राहीबाईनं ओल्या फडक्यानं सगळा गेरू पुसून काढला. लाली गुडघ्याच्या वर चढली होती. कातडी तकतकीत ताणलेली, हाताला चटका देणारी. कापाजवळ काळपट फोड.

तिनं काजळाचं बोट लालीच्या कडेनं फिरवून रेघ ओढली. दुपारी बघितलं तर लाली रेघ ओलांडून पुढं गेलेली.

ती तशीच चुलत दिराच्या, हरिबाच्या दारात धावली. "भावजी, गाडी जुपा. सांगलीच्या दवाखान्यात न्यायचं."

"वैनी, वाटंतच कमीजास्त झालं तर? दादाला काय सांगायचं?"

"आन् हितं झालं तर काय सांगू?"

साळूबाईनं दाराची चौकट घट्ट धरली. "म्या न्हाई येत! तितं पाय कापत्यात. मला माज्या घरात मरू दे, राहे. तुज्या पाया पडते."

लग्न होऊन आल्यापासून राहीबाईनं सासूपुढं मान वर केली नव्हती. तिनं चौकटीवरचं एकेक बोट सोडवलं. "किती बी शिव्या घाला, आत्याबाई. म्या न्हेणार."

चाकोरीच्या प्रत्येक खड्ड्याला म्हातारी किंचाळत होती. सांगलीचा पूल आला आणि ती गप झाली. नुसतीच पुटपुटायला लागली, "जोत्या, पाण्यात जाऊ नगंस रं..."

"भावजी, हाणा की बैलं!" राहीबाई ओरडली. आपला आवाज तिला ओळखू आला नाही.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि चष्मा काढला. "लाली पसरायला लागली, थंडीताप भरला, त्याच दिवशी आणायचं होतं. आता विष रक्तात उतरतंय."

"पाय कापणार का हो?"

"आधी जीव राहू दे, बाई."

त्यांनी नडगी चिरून पू काढला, गोळ्या कुटून पाण्यातून पाजल्या. राहीबाई खाटेच्या कडेला जमिनीवर बसून राहिली. आपण घरात असून नुसत्या लेपाकडं बघत बसलो, हे तिच्या डोक्यातून जाईना. मधेच श्वास अडखळला की ती सासूच्या छातीवर हात ठेवी.

कितीतरी दिवसांनी ताप उतरला. साळूबाईनं डोळे उघडून पाणी मागितलं. पाय वाचला होता. पण गुडघा आता पूर्ण वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

राहीबाईनं मान हलवली. पाणी पाजलं, सासूचं तोंड पुसलं. मग ती ओसरीत गेली, हरिबानं आणलेली शिळी भाकरी मोडायला बसली, आणि पहिला घास हातात धरूनच हमसून हमसून रडू लागली.