सामायिक बांडगूळ

"आंबा सामायिक आहे." लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकते आहे. परड्यातला थोरला रायवळ म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या तिन्ही मुलांचा. आंबे उतरले की वाटे पडणार, एक कैरी इकडची तिकडे व्हायची नाही. आणि त्याच झाडावर बांडगूळ माजलंय, ते मात्र कोणाचंच नाही! झाडाचा रस पिऊन मेलं हिरवंगार झालंय आणि झाड वाळतंय.

बांडगुळाला फळं धरतात. अंगठ्याएवढं एक पाखरू येऊन ती गिळतं. आतली बी इतकी चिकट की बुडाला लागली तरी सुटत नाही, मग ते दुसऱ्या फांदीवर बसून बूड घासतं. झालं! बी तिथेच चिकटली, तिथेच रुजली. आमच्या रायवळावरून उडालेलं पाखरू पहिलं बसतं ते माझ्या कलमांवर.

माझी म्हणजे ह्यांनी लावलेली. दापोलीहून यष्टीत मांडीवर घेऊन आले होते, वाटेत कोणाचा धक्का लागू दिला नाही. ते गेले, कलमं राहिली. यंदा पहिल्यांदा एकाला मोहर आला आणि नेमकी तीच फांदी बांडगुळाने धरली. सुजून गाठ आली होती. ठेवली असती तर अख्खं कलम गेलं असतं. बारीक कैऱ्यांसकट माझ्या हाताने तोडली आणि मग पडवीत बसून रडले.

शिमगा आलाच होता. मुंबईत गिरणीचा संप, त्यामुळे थोरले दीर धोंडूभावोजी यंदा आधीच घरी. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भावोजी, रायवळावरचं बांडगूळ काढा."

"झाड सामायिक. सगळ्यांच्या विचाराशिवाय कोयती लावायची नाय. तिसरा वाटेकरी सखाराम, तो मुंबईहून येऊ दे मे महिन्यात."

"पाखरू थांबतं का मे महिन्यापर्यंत?"

"मग पाखरं हाकल. बुजगावणं लाव एखादं."

ऐका! म्हणजे गुन्हा पाखराचा. अहो, गडग्यावरची करवंदं, तोरणं कोणी लावली? तुमच्या बापाने? पाखरांनीच ना? ती मिटक्या मारत खाता तेव्हा नाही बुजगावणं आठवत! संपासाठी एका हाकेला गोळा होता, आणि घरच्या झाडासाठी सखाराम येऊ दे!

त्या दुपारी मी लांब चिव्याच्या, बारीक बांबूच्या टोकाला कोयती बांधली आणि हात लागेल तेवढं बांडगूळ खाली पाडलं. जाऊबाई ओरडत होती, "राही, अगो, काय करतेस!" मी ऐकलं नाही. सगळं फरफटत होळीच्या होमापाशी नेलं.

सांजेला होम पेटला. बाप्ये जमलेले. धोंडूभावोजी लाल झाले. "सामायिक झाडाला कोयती लावलीस?"

"लावली. आंब्यांचे वाटे घेता ना? हा घ्या बांडगुळाचा वाटा!" एकेक झुबका मी आगीत टाकत गेले. शेवटी ती कलमाची फांदी टाकली.

"ही कुठली?"

"तुमच्या भावाने मांडीवर आणलेल्या कलमाची."

मग सगळ्यांदेखत तोंडावर हात घेतला आणि बोंब मारली. बाईने, तीही माझ्यासारख्या विधवेने! घसा फुटेस्तोवर मारली. माझं तोंड धरायला कोणी पुढे आलं नाही.

सकाळी धोंडूभावोजी परड्यात उभे. खांद्यावर माझ्या चिव्याच्या दीडपट लांब चिवा.

"शेंड्याला अजून झुबके आहेत. तुझा पुरायचा नाय."

"आणि सखारामभावोजी?"

"त्याला मी बघतो." चिवा खांद्यावरून उतरवून म्हणाले, "लवू होता तेव्हा त्यानेही मला सांगितलं होतं गो, बांडगूळ काढूया म्हणून. तेव्हाही मी हेच बोललो."

माझ्या अंगाची आग आग झाली. म्हणजे ह्यांनीही हेच ऐकलं होतं, आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते.

मी चिवा हिसकून घेतला आणि शेंड्याचे झुबके माझ्याच हाताने पाडायला लागले. चहा विचारला नाही.