पाइप विझला की

आमच्या घरात सासऱ्यांचा पाइप विझला की सासूबाई मार खायच्या. इतकं सरळ होतं ते. पुढं लेथचं वर्कशॉप, मागं आम्ही, आणि मधल्या दारापाशी त्यांची खुर्ची.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, काय ही सासूबाईंची थेरं! नवऱ्याचा पाइप भरायला एवढा थाट कशाला? तंबाखू बोटांनी मोकळी करायच्या, तळाशी सैल टाकायच्या, वर जरा दाबून. पहिल्या काडीनं तंबाखू फुगून वर यायची. रुंद डोक्याच्या खिळ्यानं ती हलकेच बसवायच्या नि मग दुसरी काडी. असा भरलेला पाइप सासरे सावकाश ओढायचे, तळाची राख होईपर्यंत, आणि तसेच खुर्चीत घोरायला लागायचे. त्या दिवशी सासूबाईंच्या अंगाला हात लागायचा नाही. हे मला हळूहळू कळलं. बाई स्वतःची हाडं वाचवत होती.

आणि आमचे हे? ताटात डोकं घालून बसायचे. "बाबांचा स्वभावच तापट," म्हणायचे. स्वभाव म्हणे! गिऱ्हाइकापुढं कशी बरं गोगलगाय व्हायची त्या स्वभावाची?

एके दिवशी सासूबाईंचा अंगठा सुजून टम्म झाला होता. आदल्याच दिवशी सासऱ्यांनी तो पिरगळला होता. म्हणून पाइप मी भरला. जीव ओतून भरला. पण एक गिऱ्हाईक केलेलं काम परत आणून वाट्टेल ते बोलून गेलं होतं, आणि सासरे भसाभसा झुरके घेत होते. असं ओढलं की पाइपची वाटी चटके देते, आत ओल धरते नि तंबाखू गुदमरते. पाइप गुरगुरला आणि विझला.

मी म्हटलं, "मी भरलाय तो. बोलायचं ते मला बोला."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या हातानं सासूबाईंचे केस धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं, तरी बाई ओरडली नाही. "काडी देते, काडी देते," म्हणत राहिली. ते ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. वर्कशॉपच्या फळीवरची हातोडी घेतली. सासऱ्यांचा उजवा पंजा चौकटीवर टेकलेला होता. त्यावर घातली. कडकन आवाज झाला. ते गुरासारखे ओरडले. मी आणखी एक घातली.

तेव्हा कुठं आमचे हे ताटावरून उठले. "अगं, बाप आहे तो माझा!"

"आणि ही कोण आहे रे तुझी?" पहिल्यांदाच एकेरीवर आले मी. हातोडी हातातच होती. हे खाली बसले.

डॉक्टरांना सासऱ्यांनी सांगितलं, हात यंत्रात सापडला. सुनेनं फोडला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

पलस्तर घालून घरी आले, खुर्चीत बसले आणि हुकूम सोडला, "अगं ए, पाइप!" सासूबाई उठल्या. सुजल्या अंगठ्यानं तंबाखू मोकळी करायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईसाठी मी हातोडी उचलली?

पाइप भरून त्यांनी सासऱ्यांच्या तोंडात दिला. काडेपेटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

"पेटव की."

"तुमचं तुम्ही पेटवा."

एका हातानं काडी ओढता येईना. पेटी घसरून खाली पडली. सासऱ्यांचे डोळे लाल झाले, पलस्तराचा हात वर गेला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. हातोडी त्यांच्या मांडीवर होती. कधी घेतली, मला दिसलंसुद्धा नव्हतं.

"डावा अजून धड आहे," त्या म्हणाल्या.

हात खाली आला. न पेटलेला पाइप तोंडात धरून ते बसून राहिले, आणि मी आमच्या दोघींचा चहा टाकला.