गॅरिटीच्या फुंकरीवर जगलेला चेंडू

मी चेंडू बोलतोय. गोल चेंडूची गोष्ट ऐकायला बसला असाल तर उठा आणि चालू पडा. मी गोल कधीच नव्हतो.

आहे बास्केटबॉलचाच. पण आताच्या त्या गुळगुळीत नारिंगी पोरांसारखा नाही. गाईच्या कातड्याचे तुकडे, आत रबरी ब्लॅडर, आणि पोटावर बुटाच्या नाडीसारखी वादी ओवलेली. वादीवर आपटलो की कुठं उडेन ते माझं मलाच ठाऊक नसायचं. मला शिवणारा बाबा तंबाखू चघळत, बायकोच्या नावानं बोटं मोडत शिवायचा. मधेच त्याला शिंक आली, शिवण सरकली, आणि मला जन्माचं टेंगूळ आलं. त्याबद्दल कुणी माफीबिफी मागितली नाही. आपण माल, आपलं कोण ऐकतो?

कोल्टन गॅप या कोळशाच्या गावात गॅरिटी नावाच्या नाचघरवाल्यानं मला आणलं. शनिवारी संध्याकाळी तिथं आधी खेळ, मग नाच. नाचासाठी फरशीला मेण लावलेलं, त्यामुळे खेळणारे गडी धावायचे कमी आणि घसरायचे जास्त. मैदानाभोवती खालपासून वरपर्यंत दोरखंडाची जाळी. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून, असं गॅरिटी सांगायचा. खोटं. लोकांनी आत शिरून पाहुण्या संघाला बडवू नये म्हणून ती जाळी होती. तरी लोक जाळीतून हात घालायचेच. एका कोपऱ्यात लोखंडी शेगडी पेटलेली असायची. पाहुण्यांना तिच्यावर ढकलून बसवणं हा आमच्या गावचा पाहुणचार.

मला फुगवायचा मान गॅरिटीचा. तोंडानं फुगवायचा. आणि हा माणूस कच्चा कांदा खाल्ल्याशिवाय कुठल्याच जेवणावरून उठत नसे. म्हणजे मी आयुष्यभर कुणाच्या श्वासावर जगलो ते बघा. लोकांच्या पोटात अन्न असतं, माझ्या पोटात गॅरिटी होता.

आता काझिसबद्दल सांगतो. त्याच्यासाठीच तर तोंड उघडलंय. लिथुएनियन पोरगा, खांदे दाराएवढे. खाणीत कोळशाची गाडी गुडघ्यावरून गेली आणि पाय कायमचा आखडला. मग आठवडाभर तो लहान पोरांच्या रांगेत बसून कोळशातले दगड निवडायचा. पाय गेलेल्या माणसाला तेवढंच काम. पण त्या काळी फाउल झाला की ज्याच्यावर झाला त्यानंच कड्यात चेंडू फेकावा असा नियम नव्हता. संघाचा एक ठरलेला माणूस सगळे फाउल फेकायचा. आमचा माणूस काझिस. एरवी जाळीला टेकून उभा. फाउल झाला की लंगडत यायचा, डाव्या अंगठ्यानं माझं टेंगूळ चाचपायचा, मला दोन्ही हातांनी गुडघ्यांमध्ये झुलवायचा आणि खालून वर सोडायचा. अख्खं नाचघर उभं राहायचं. सोमवारी दगड वेचणाऱ्या माणसासाठी शनिवारी गाव उभं राहतं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. मला कळायचं, मी त्याच्या हातात होतो. हात कसे गरम व्हायचे!

त्याची आई टेकला कायम पहिल्या रांगेत, जाळीला नाक लावून. डोक्यावर काळी टोपी, टोपीत वीतभर लांब टाचणी. पाहुणा गडी जाळीशी आला की टाचणी मांडीत. गावातल्या सगळ्याच बायका टोचायच्या. पण टेकलाला दिसायचं कमी, आणि चष्मा लावायला सांगितलं की ती सांगणाऱ्यालाच टोचायची. आमचे निम्मे गडी तिच्या बाजूनं धावायचेच नाहीत.

त्या हिवाळ्यात आम्ही नुसते हरत होतो. एके दिवशी गॅरिटी जाळीत येऊन म्हणाला, "हा शनिवार हरलात तर जाळी उतरवतो. चाकांचे बूट आणतो. लोक चाकांवर फिरतील आणि तुम्ही घरी बसाल."

"आणि मी?" काझिसनं विचारलं.

"तुला चाकं कशी लावू रे बाबा?" गॅरिटी म्हणाला. वाईट वाटूनच म्हणाला, पण म्हणाला.

शनिवारी नदीकाठच्या शहरातला संघ आला. त्यांचा क्लिंगर म्हणजे खांबच, वर डोकं बसवलेला. येताना नवा कोरा चेंडू घेऊन आला होता. "हा भोपळा कुणाचा?" मला बघून म्हणाला. मी लक्षात ठेवलं. पण चेंडू यजमानांचा, हा रिवाज. यजमानांचा फुटला तरच पाहुण्यांचा.

काय खेळ झाला! कुणी शेगडीवर बसून उठला, कुणी मेणावरून घसरत थेट ढोलवाल्याच्या पायात गेला. क्लिंगरला टाचण्या लागून लागून तो चालता चालता नाचायला लागला. वादीवर आपटून मी एकदा त्याच्या नाकावर गेलो. चुकून नाही. शेवटी बरोबरी झाली, वेळ संपत आली, आणि सगळे गडी जाळीपाशी एका ढिगात पडले. ढिगाच्या तळाशी क्लिंगर, मला एका हातानं पोटाशी कवटाळून.

"तोच आहे ना गं?" टेकलानं शेजारणीला विचारलं.

"तोच, तोच! घाल!"

तिनं घातली. मला.

फूस्स.

तेवढ्यात पंच प्रॉसरनं शिट्टी मारली. हा प्रॉसर गावात शवपेट्या करायचा, त्यामुळे त्याच्याशी कुणी फार वाद घालत नसे. क्लिंगरनं दुसऱ्या हातानं आमच्या गड्याचा गळा धरला होता. फाउल. एक फेक. गेली तर जिंकलो.

काझिस लंगडत आला, मला उचललं आणि थबकला. अंगठ्याखाली टेंगूळच नव्हतं, बसलं होतं. मी मऊ पडत होतो. त्यानं जाळीकडे पाहिलं. आई टाचणी हातात धरून हसत उभी.

"आई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काय केलंस हे?"

"काय केलं? बरोबर त्याच्या ढुंगणात घातली! फेक तू, मेल्या!"

सांगितलं असतं तर क्लिंगरचा नवा चेंडू आला असता. गोल. काझिसचा हात गोल चेंडूवर कधी बसलाच नव्हता. नेहमी तो तीनदा झुलवायचा. त्या दिवशी एकदाच झुलवलं आणि सोडलं.

मी निघालो. शीळ घालत निघालो. आणि खरं सांगतो, फेक चुकली होती. अंगात हवा असती तर कड्यावर आपटून थेट शेगडीत गेलो असतो. पण उडायला होतं काय माझ्यात? कड्यावर जाऊन बसलो, पारावर म्हातारा बसतो तसा. खाली काझिस तोंड वर करून उभा. क्लिंगरही वर बघत होता. भोपळा म्हणाला होता नाही का? मी कूस बदलली आणि आतल्या बाजूनं पडलो.

लोक किंचाळले, जाळी हलायला लागली, पण क्लिंगर धावत आला. "हा चेंडू नाही, टोपी आहे ही! टोपी टाकून कुणी जिंकतं का?"

"फेकला तेव्हा चेंडू होता," काझिस म्हणाला.

"पडला तेव्हा नव्हता!"

प्रॉसरनं हात वर केला. मला उचललं, कानाशी धरलं. मी अजून फुसफुसत होतो, सगळा जोर लावून. मग त्यानं मला नाकाशी नेलं. डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं.

"हवा आहे," तो म्हणाला. "अन् गॅरिटीचीच आहे. फेक धरली जाईल!"

क्लिंगरनं स्वतः हुंगून पाहिलं आणि खालीच बसला. त्याच्यानंही पुढं वाद घालवेना.

मग बँड सुरू झाला. गॅरिटी रडत होता, कांद्यानं नाही. टेकलानं क्लिंगरलाच नाचायला ओढलं, त्याला कोण समजून ते तिलाच ठाऊक. काझिसला नाचता येत नव्हतं, म्हणून गड्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाच केला, आणि त्याच्या डोक्यावर मी होतो, टोपीसारखा. म्हणू दे क्लिंगरला काय म्हणायचं ते. जाळी राहिली. काझिस पुढं कित्येक शनिवार त्या जाळीत उभा राहिला.

आता काझिसची खानावळ आहे आणि मी तिच्या गल्ल्यावर खिळ्याला लटकतोय. खालून कोबीच्या सुपाची वाफ येते. गिऱ्हाइकं विचारतात, "हा वाळका भोपळा कशाला ठेवलाय?" काझिस येता-जाता डावा अंगठा माझ्यावर ठेवतो, टेंगूळ होतं तिथं.

माझं एकच मागणं आहे. कुणाला वाटलं तर भोकाला ठिगळ लावा आणि मला एकदा फुगवा. पंपानं नको, तोंडानं. आणि यायच्या आधी कच्चा कांदा खाऊन या. नसेल खाल्ला तर हात लावू नका, सांगून ठेवतो.