चांदणे झाकणारी खोळ

मित्रांनो, चेंडू शोधायला आलात ना? शोधा. पण माझी कड उचलण्याआधी हात दाखवा पाहू. चिखल नाही ना? खिशात खिळा, ब्लेड, काही टोकदार? रागावू नका. संशय घेणे हा माझा जुना रोग आहे. तो मला जिथे जडला, तिथलीच हकिगत आज सांगते.

तुम्ही मला फाटकी चादर म्हणता, ते मी रोज ऐकते. मी चादर नाही. मी एक जुनी खोळ आहे. आज माझ्याखाली अक्षरकाकांची सायकल उभी असते. पण एके काळी माझ्याखाली अशा मोटारी उभ्या असत, की ज्या जगाने अजून पाहिलेल्याही नव्हत्या.

मला शिवले शिवणमावशींनी. मोठमोठ्या महागड्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचे मशीन होते. बाहेरून राखाडी सुती कापड, आतून पांढरे मऊ अस्तर, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. अकरा तुकडे जोडून त्यांनी मला मोटारीच्या अंगाबरोबर बेतले. शेवटचा दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "जा बाई. आता लोकांची गुपितं सांभाळ."

गुपिते एका दालनात असत. त्या दालनाला खिडकी नव्हती. दाराला दोन कुलपे होती आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत. आत जाणाऱ्याच्या मोबाइलच्या डोळ्यावर कागदाची टिकली चिकटवली जाई. राखणीचे साहेब रोज संध्याकाळी माझी कड जिथे जमिनीला टेके, तिथे खडूची बारीक रेघ मारत आणि सकाळी वाकून पाहत, की कड रेघेपासून बोटभर तरी सरकली आहे का. सगळे त्यांना मागे दुर्बीणसाहेब म्हणत. समोर कोणी काहीच म्हणत नसे.

त्यांच्या सहवासात मीही तशीच झाले. कोणी जवळून गेले तरी वाटे, हा इतका हळू का चालतो? कोणी भरभर गेले तर वाटे, याला एवढी कसली घाई? झाडूवाला शीळ घालू लागला की मी मनात म्हणे, ही नक्कीच खूण आहे.

त्या वर्षी कारखान्यात तीन नव्या मोटारी तयार होत होत्या. तिन्ही विजेवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या. नावे कोणी उच्चारायची नाहीत, असा कडक हुकूम होता. म्हणून कामगार त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरली लांबलचक, मागे बसणाऱ्या श्रीमंतांसाठी. मधली उंच, कुटुंबकबिल्यासाठी. धाकटी दोनच माणसांची आणि भारी नखरेल. माझ्या वाट्याला थोरली आली.

खरी नावे ठरवणाऱ्या बाईंना सगळे आत्याबाई म्हणत. नाव ठेवायचा मान त्यांचा, म्हणून. कारखान्याच्या जुन्या मोटारींची नावे दिवसाच्या प्रहरांवरून होती. पहाट खूप चालली. सांज त्याहून चालली. मधे एकदा कोणाच्या तरी हट्टाने दुपार नावाची मोटार काढली, ती कोणी घेईना. "नाव ऐकूनच जांभई येते," असे गिऱ्हाइके म्हणत. आता पेट्रोलच्या मोटारींना दिवसाची नावे ठेवायची आणि विजेच्या मोटारींना रात्रीची, असा आत्याबाईंचा बेत होता. मालकांना मात्र नावेच नको होती. एकदा माझ्याशेजारी उभे राहून दोघे वाद घालत होते.

"सरळ आकडे देऊ," मालक म्हणाले. "थोरलीला नऊशे, मधलीला सहाशे, धाकटीला तीनशे. जगात कुठेही चालतात. नाव म्हटलं की एखाद्या देशात ती शिवी निघते."

"आकड्याला कुणी हाक मारतं का हो?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला घरात काय म्हणता, दोनशे दोन?"

मालक हसले आणि एका नावाला राजी झाले. थोरलीपुरते नाव, बाकी दोघींना आकडे. पण एक अट होती. मोटार लोकांसमोर येईपर्यंत नाव फुटले आणि दुसऱ्या कोणी ते आधी आपल्या नावावर नोंदवले, तर थोरलीलाही आकडाच.

नाव होते 'चांदणे'.

ते माहीत असलेली माणसे चारच. मालक, आत्याबाई, दुर्बीणसाहेब आणि चौथे अक्षरकाका. कारण मोटारीच्या पाठीवर चकचकीत अक्षरे बसवणारे तेच. बत्तीस वर्षे हेच काम. आधी कागदावर भोके पाडून जागा आखायची, मग एकेक अक्षर डिंकावर ठेवून अंगठ्याने दाबायचे आणि मनात वीस मोजायचे. 'चांदणे'वरचे टिंब मसुराच्या दाण्याएवढे होते. ते बसवताना काकांनी श्वास रोखून धरला. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. आपल्या हाताने लावलेले पहिले 'चांदणे' रस्त्यावर आलेले पाहायचे, मग घरी बसायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

टिंब बसले आणि दुर्बीणसाहेब म्हणाले, "चला, खोळ घाला."

"साहेब, हा डिंक एक दिवस उघडा ठेवावा लागतो. कडेनं थोडा पाझरतो. सुकू दे."

"एक दिवस उघडी? मग पत्रिका पण छापू, सगळ्यांना बोलावू?"

"तसं नाही साहेब, पण..."

"काका, तुमचे जावई दुसऱ्या मोटार कारखान्यात आहेत ना?"

काकांचा चेहरा उतरला. मोटारीची किंवा डिंकाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मला उचलून थोरलीवर घातले. खरे सांगू? त्या क्षणी मलाही काकांचा संशय आला. मोटार उघडी ठेवायला हा माणूस इतका उतावीळ का? मी अंग आवळून अक्षरांना घट्ट चिकटून बसले. मनात म्हटले, आता कोण बघतो ते बघू.

आठ दिवसांनी माझी धुवायची पाळी आली. मागची बाजू दुर्बीणसाहेब नेहमी स्वतः काढत, मावशींना तिकडे फिरकूही देत नसत. मला ओढताना पाठीत चर्र झाले. "मळ आहे," साहेब पुटपुटले आणि दुसरी खोळ चढवली.

मला बंद खोलीत वाळवायचे, असा नियम होता. मावशींना तो पटत नसे. बंद खोलीत वाळलेल्या कापडाला कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. म्हणून त्या मला गुपचूप गच्चीवर नेत. अस्तर उन्हाकडे आणि राखाडी बाजू रस्त्याकडे. त्यांना वाटे, रस्त्यावरून एक राखाडी कापड दिसेल, त्यात काय बिघडले? मलाही तसेच वाटले. ऊन छान होते. खाली कारखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात नेहमीची माणसे बसली होती. त्यांतला एकजण मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मी मनात म्हटले, मेल्याला कापड कधी दिसले नाही वाटते!

तिसऱ्या दिवशी मोटारींच्या एका साप्ताहिकात बातमी आली : नव्या मोठ्या मोटारीचे नाव चांदणे, आमच्या माणसाने ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचले आहे. त्याच आठवड्यात कुठल्याशा पंखे बनवणाऱ्या कंपनीने ते नाव नोंदवूनही टाकले. आत्याबाईंचे सहा महिन्यांचे काम पाण्यात गेले.

चौघांपैकी फुटले कोण? मालक स्वतःवर संशय घेणार नव्हते. आत्याबाई आपल्याच नावावर धोंडा टाकणार नव्हत्या. दुर्बीणसाहेब तर राखणदारच. उरले काका, आणि त्यांचे ते जावई. "स्वतःच्या डोळ्यांनी वाचले, म्हणजे काकांनी आखणीचा कागद दाखवला," असा साहेबांनी निष्कर्ष काढला. काकांना घरी बसायला सांगितले. शुक्रवारी मालकांसमोर चौकशी होती. तीत दोष ठरला असता तर बत्तीस वर्षांच्या शेवटी माणसाच्या पदरात एकच शब्द पडला असता, फितूर.

कारखान्यात कुजबुज सुरू झाली. घरी बसायचा हुकूम निघण्याच्या आदल्या दिवशी काका जेवायला बाकावर बसले, तेव्हा शेजारचे दोघे उठून गेले. आणि सांगायला वाईट वाटते, रोज त्यांच्याबरोबर जेवणाऱ्या शिवणमावशींनीही डबा उचलून खिडकीशी नेला. काकांनी पाहिले, पण पाहिले नाही असे दाखवले. मी मावशींच्या टेबलावर घडी होऊन पडले होते. मला बरेच वाटले. चोर सापडला, म्हटले.

गुरुवारी मावशींनी मला दुरुस्तीला घेतले. विरलेली जागा शोधायची त्यांची एक रीत होती. कापड खिडकीच्या काचेवर धरायचे. जिथून उजेड जास्त येईल तिथे ठिगळ लावायचे. एकेक हात पुढे सरकवत त्या माझ्या पाठीपाशी आल्या आणि थबकल्या.

उजेड अक्षरांतून येत होता.

तेलाचा डाग पडलेल्या कागदातून उजेड दिसतो ना, तसा. ओला डिंक माझ्या धाग्यांत मुरला होता. नुसते पाहिले तर काही दिसत नव्हते. पण मागे उजेड असला की राखाडी बाजूने सगळे नाव वाचता येत होते. मसुराएवढ्या टिंबासकट.

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे मी वाळत घातलं होतं?"

आणि मित्रांनो, मी? आयुष्यभर ज्याच्या त्याच्या पावलांवर नजर ठेवली, आणि गुपित गच्चीवरून वाऱ्यावर हलवत होते मीच! ज्या माणसाने उघडे ठेवा म्हणून विनवले, त्यालाच मी चोर ठरवले होते.

मावशींनी कात्री उचलली. तेवढा तुकडा कापून वर ठिगळ मारले असते, तर कोणाला काही कळले नसते. गच्चीवर वाळवायचा नियमभंग त्यांचा होता, नोकरी त्यांचीही जाऊ शकत होती. मी म्हटले, झाले, आता ही मला कापणार आणि काकांना बुडवणार. खोड जाते थोडीच! मी पुन्हा संशयच घेतला.

मावशींनी कात्रीने लोंबणारा एक दोरा कापला, माझी नीट घडी घातली आणि मला छातीशी धरून त्या थेट मालकांच्या दाराशी गेल्या. मालक नव्हते, म्हणून शुक्रवारी पुन्हा गेल्या.

खोलीत काका उभे होते, हात मागे बांधून. मावशी कोणाला न विचारता आत शिरल्या.

"मालक, तुम्ही या बाजूला उभे राहा. दुर्बी... राखणीचे साहेब, तुम्ही खिडकीच्या बाजूला." त्यांनी मला मधे उघडले. "साहेब, तुम्हाला काय दिसतं?"

"पांढरं अस्तर. हा काय तमाशा आहे?"

"मालक, तुम्हाला?"

मालकांनी डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचले. "चां... द... णे."

मग मावशींनीच सांगितले. "गच्चीवर मी वाळत घातली. खाली चहावाल्याकडे ते साप्ताहिकवाले रोज फाटकावर नजर ठेवून बसतात. चूक माझी आहे, काकांची नाही."

"डिंक ओला कसा राहिला?" आत्याबाईंनी विचारले.

काकांनी फक्त दुर्बीणसाहेबांकडे पाहिले. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "मीच लगेच झाकायला लावली," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

काका कामावर परत आले. मावशींना ताकीद देणारा कागद मिळाला. तो त्यांनी घडी करून मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला. दुपारी त्या डबा घेऊन काकांच्या बाकावर आल्या.

"आधी हुंगून बघा हं मावशी," काका म्हणाले. "फितुराच्या शेजारी बसताय. विषबिष असायचं."

"असलं तर दोघं खाऊ," मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसत त्यांनी झाकण उघडले.

पण गेलेले नाव परत येत नाही. थोरलीला आकडाच मिळाला. शेवटच्या आठवड्यात काकांनी मावशींकडून बळकट दोरा मागून घेतला, अक्षरांच्या मागून करवतीसारखा फिरवला आणि ज्या हातांनी चांदणे लावले होते त्याच हातांनी ते उतरवले. सगळ्यात शेवटी टिंब. नऊशे लावताना त्यांनी वीस मोजले की नाही, मला ठाऊक नाही. निरोपाच्या दिवशी काय हवे, असे मालकांनी विचारले, तेव्हा काकांनी मला मागून घेतले.

म्हणून मी इथे आहे, या सायकलीवर. ती मोटार जगभर आकड्याने ओळखली जाते. तिचे नाव आता फक्त माझ्या पाठीवर आहे. सकाळी ऊन या भिंतीवरून येते, तेव्हा काका मला झटकून दोरीवर टाकतात, चहाचा कप घेऊन राखाडी बाजूला बसतात आणि थोडा वेळ वाचत राहतात.

मित्रांनो, तुमचा चेंडू सापडला नाही, म्हणून तुम्ही मघापासून शेजारच्या मुलाकडे बघताय, ते मी पाहते आहे. त्याला काही म्हणण्याआधी एकदा माझी कड उचला. माझ्या घडीत काहीतरी गोल रुतते आहे.

हात तसेच असू द्या. चिखल असला तरी चालेल.