चिठ्ठीवरचं नाव

त्या मठात हिवाळ्यात लिहिणाऱ्यांना महिनाभर खोली मिळे. खाट, टेबल, शेगडी आणि शांतता. फोन फक्त दाराजवळच्या खोलीत. तिथे बसणारे साधू कोणी आल्याबरोबर एक कोरी चिठ्ठी पुढे करून विचारत, "कोणाचा फोन आला तर तुम्हाला बोलावू?" चिठ्ठीवर ज्यांची नावं असतील त्यांच्यासाठीच ते खोलीचं दार वाजवत. बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणत.

मी बेचाळीसची होते. तिसरी कादंबरी अडली होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं ताई बघायची. मला पाठवलंही तिनंच. "जा लेखिकाबाई, इथे नुसते उसासे टाकत बसतेस. काही लागलं तर फोन करीन."

ताईचं 'काही' मला ठाऊक होतं. गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीस, आईनं औषध थुंकलं, डॉक्टर किती उर्मट आहे. मी चिठ्ठीवर फक्त माझ्या संपादकांचं नाव लिहिलं.

साधूंनी वाचलं. "घरचं कोणी?"

"नको."

सतरा दिवसांत एकशे दहा पानं झाली. अठराव्या दिवशी संपादकांचा फोन आला. ताईनं शेवटी त्यांना गाठलं होतं. आईला जाऊन दोन दिवस झाले होते.

घरी पोचले तेव्हा ताई आईच्या चादरींच्या घड्या घालत होती. "तीनदा फोन केला गं. माझं नाव दिलेलं नाही म्हणे."

"दिलं होतं," मी बोलून गेले. "विसरले असतील ते."

ताईचा राग म्हणजे वणवा. तिनं मठाच्या प्रमुखांना चार पानी पत्र लिहिलं, आईचे शेवटचे दिवस, आईनं किती वेळा माझं नाव घेतलं, सगळं. पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिलं. मी त्यात एक स्वल्पविराम घातला.

पुढच्या हिवाळ्यात मी परत गेले. दारावर दुसरेच कोणी होते. ते साधू मागे धुलाईखान्यात, साबणानं बोटं सुजलेली, चादरी पिळत होते.

"चिठ्ठी का नाही दाखवलीत?" मी विचारलं.

"जाळली. तुमच्या बहिणीचं पत्र वाचल्यावर दाखवणं जमेना. बाईला एक दुःख पुरे होतं." ओल्या चादरीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "पिळा. अहो, तिकडे नाही, उलटं."

"मी प्रमुखांना सांगते."

"आधी ताईंना सांगा."

मी मान हलवली. आणि सांगितलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या चौतीस वर्षांत नाही. चार माणसं जमली की ताई रंगवून सांगायची, "एका विसरभोळ्या साधूला मी असा सरळ केला!" भाचरं हसायची. मीही हसायचे.

गेल्या गुरुवारी जेवणानंतर ताई मटार सोलत होती. शेजारीण आली, आणि तोच किस्सा निघाला. ती गेल्यावर मी दार लावलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

ताईचे हात थांबले. ती ओरडेल असं वाटलं होतं. "आहेत का ते अजून?"

"नाहीत. नऊ वर्षं झाली. मठातून पत्र आलं होतं."

"तुला आलं होतं."

"हो."

तिनं हातातली शेंग परातीत टाकली. मग म्हणाली, "तू आपमतलबी आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या वेळचं मी केव्हाच गिळलं असतं. पण भल्या माणसाबद्दल नको ते लिहिलं गेलं माझ्या हातून. दोन ओळी लिहून माफी तरी मागितली असती. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत मागता आली असती."

मी शेजारी बसले, शेंगा घ्यायला हात पुढे केला. ताईनं परात स्वतःकडे ओढली.

"राहू दे. माझी मी सोलते."